नोकरी सोडून वस्तीतल्या मुलांच्या खेळाचं काम पूर्णवेळ करावं का? (नाशिक)

पाथर्डीफाटा :

नमस्कार. वय ३८, मेकॅनिकल डिप्लोमा. अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, तेरा-चौदा वर्षं झाली. हातात ४६ हजार येतात. बायको खासगी शाळेत शिकवते, तिचे १७. पाथर्डी फाट्याच्या वन बीएचकेचा हप्ता १४ हजार, तो अजून आठ वर्षं जाईल. मुलगी चौथीत. आई निफाड तालुक्यात गावी असते, तिचं औषधपाणी माझ्याकडे. आकडे आधीच दिले, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

आता मुद्दा. आमच्या सोसायटीमागे एक मोकळा भूखंड आहे. पलीकडे बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आणि त्यांना लागून जुनी वस्ती. गेली दोन-अडीच वर्षं रविवारी सकाळी मी तिथे पोरांना खो-खो शिकवतो. शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत खेळलोय, नंतर डिप्लोमा, नोकरी, लग्न यात खेळ सुटला. दोन बांबू पुरले, फक्की मारली आणि सुरू केलं. आधी पाच-सहा पोरं असायची. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. तेव्हापासून संख्या वाढत गेली, आता तीसेक येतात. कोणाची आई बांधकामावर, कोणाचे वडील अंबडलाच ठेक्यावर. घरी कोणी अहिराणी बोलतं, कोणी भोजपुरी. मैदानात सगळे एकच मराठी बोलतात, तीही मैदानातच शिकलेली.

एक सहावीतली मुलगी आहे. तिच्यासारखी हुलकावणी मी जिल्ह्याच्या स्पर्धेतसुद्धा फार कमी जणांची पाहिलीय. दिवाळीपासून ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन येते, त्याला खांबाजवळ बसवते, तिचा डाव झाला की परत उचलून घेते. मधले काही रविवार आली नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, "आता मोठी झाली ना ती." मुलगी बारा वर्षांची आहे. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय की रविवारचा दीड तास पुरत नाही. या पोरांना आठवडाभर कोणीतरी लागतं, त्यांच्या घरी जाणारं, शाळेत बोलणारं.

मला अकॅडमी काढायची नाही. गंगापूर रोडला, इंदिरानगरला क्रिकेटच्या आणि बॅडमिंटनच्या अकॅडम्या आहेत, फी भरू शकणाऱ्यांची सोय होते, ते चांगलंच आहे. ज्यांना कोणी निवडणार नाही त्या पोरांसोबत मला काम करायचंय, आणि नीट शिकून करायचंय.

शिक्षण काय घ्यावं लागेल? यात पगार मिळतो का, किती? आपली संस्था काढावी की दुसऱ्याच्या संस्थेत जावं? आणि ज्यांनी हे केलंय त्यांच्या घरचं कसं चाललं, तेही मनमोकळेपणाने सांगा. बायको नाही म्हणत नाही, पण हो पण म्हणत नाही.


जुने_क्रीडाशिक्षक :

कागदांचं आधी सांगतो. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, ती आधीच्या पदवीनंतर दोन वर्षांची. तुमचा डिप्लोमा आहे, म्हणजे आधी पदवी आली. आपल्या नाशिकलाच मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी सांभाळून पदवी घेता येते. पण तुम्हाला जे काम करायचंय त्याला बी.पी.एड. कोणी मागणार नाही, तेव्हा केवळ त्यासाठी धावपळ नको. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, ज्याला सगळे एनआयएस म्हणतात, एक वर्षाचा डिप्लोमा असतो आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. रजा जमली तर सहा आठवड्यांचा जरूर करा. खेळ, वय, शिक्षण यांच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. शिवाय खो-खो संघटनेची पंच परीक्षा द्या. नियम पक्के होतात, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या खो-खोवाल्यांशी ओळख होते. ही ओळख पुढे फार कामाला येते.

दुसरी गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. शासनाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यांची प्रवेशिका शाळेमार्फतच जाते. तुमची तीस पोरं चार-पाच शाळांत विखुरलेली असणार. तुम्ही कितीही चांगला संघ बांधला तरी तो त्या स्पर्धेत एक संघ म्हणून उतरू शकत नाही. म्हणून त्या शाळांच्या मुख्याध्यापकांना शाळा उघडल्या की लगेच भेटा, जूनमध्येच. "तुमच्या शाळेच्या अमुक मुली माझ्याकडे खेळतात, तुमच्या संघासाठी मी सराव घेतो, नाव तुमच्या शाळेचं" असं म्हणा. बहुतेक ठिकाणी दार उघडतं. कित्येक शाळांत क्रीडाशिक्षकाची जागाच रिकामी आहे, जे आहेत त्यांच्यावर निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतची कामं आहेत.

आणि जिल्ह्यात मोठं नाव झालं की पालक हटून बसतात, माझ्या मुलालाही तसंच करा. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य घेतलं तेव्हा नऊ-नऊ वर्षांच्या मुलींना घेऊन लोक माझ्याकडे यायचे, हिला लांब पल्ल्याचं पळवा म्हणून. त्यांना मी परत पाठवायचो, आधी लंगडी खेळू द्या म्हणून. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. त्याने वल्हं हातात घेतलं ते सैन्यात भरती झाल्यावर, विशी उलटल्यावर. दहा-बारा वर्षांपर्यंत पोरांना पळणं, उड्या, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं, सगळं भरपूर मिळालं पाहिजे. एकच खेळ घासून घेतला की गुडघे आणि हौस दोन्ही लवकर संपतात, हे मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलंय.


पेठरोडची_ताई :

दादा, तुमचं वाचून लगेच लिहायला बसले. मी पाच वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेतली क्लार्कची नोकरी सोडली. आता पंचवटीत, पेठ रोडच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या खेळाचं काम करते, एका छोट्या संस्थेत पगारावर. बँकेत ३१ हजार मिळायचे, इथे २२ पासून सुरुवात केली, आता २६ आहेत. एवढ्यावर घर चालतं कारण माझ्या मिस्टरांची नोकरी पक्की आहे आणि घर सासऱ्यांचं आहे. हप्ता असता तर मी हे केलं नसतं.

माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. नोकरीत राहून एक बॅच एक अख्खं वर्ष चालवा, आठवड्यातून तीन दिवस, आणि मग ठरवा. वर्ष म्हणजे जून ते मे. सहा महिने पुरणार नाहीत. नाशिकमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी मुलं वेगळ्या कारणाने मैदानावरून नाहीशी होतात, आणि ती सगळी कारणं एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे काम काय आहे ते कळतच नाही.

जून-जुलैत चिखल. मैदान बंद म्हणजे सवय मोडली, सवय मोडली की आठवीतला मुलगा गॅरेजवर लागतो. तेव्हा छप्पर शोधावं लागतं. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, मनपा शाळेचा व्हरांडा, काहीही. तेवढ्याशा जागेत लंगडी, विष-अमृत, बसून चेंडू पास करायचे खेळ, तोल सांभाळायचे खेळ घेता येतात. पावसाळ्यात आमची हजेरी टिकते ती या व्हरांड्यामुळे. मग गणपती आले की मोठी पोरं ढोल पथकात जातात. त्यांना अडवू नका, वेळ बदला. दिवाळीनंतर द्राक्षं सुरू होतात, आणि हा काळ सगळ्यात अवघड. पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात. आमच्या वस्तीतली काही घरंही बागेवर मुक्कामी जातात, काही नवी माणसं इथे राहायला येतात. विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) आईबाप दोघं गेले की घरातली मोठी मुलगी धाकट्यांपाशी राहते. ती खेळायला येत नाही आणि बऱ्याचदा शाळेतही जात नाही. तुम्ही त्या मुलीचं लिहिलंत, दिवाळीपासून भावाला कडेवर आणते, तेव्हा मला हेच आठवलं. तिची आई बांधकामावर असेल तरी कारण तेच, घरी दुसरं कोणी नाही. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. नंतर ऊन इतकं की सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत पोरं घरी पोचली पाहिजेत. आणि मे महिन्यात लग्नं, निम्मी वस्ती गावाला.

माझ्या हजेरीच्या वहीत "आली/नाही आली" याच्या शेजारी "का नाही" असा रकाना आहे. तो भरायला मी घरी जाते किंवा मैत्रिणीला विचारते. तुम्ही क्वालिटीत आहात, दादा. कुठे काय गळतंय, कधीपासून, कशामुळे, हे रोज लिहून ठेवायची तुम्हाला सवय आहे. या क्षेत्रात खेळ येणारी माणसं भरपूर आहेत, पण असं लिहून ठेवणारी फारच थोडी. तेरा वर्षं वाया गेली असं मनात येत असेल तर ते काढून टाका.

मुलींचं सविस्तर सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

सातवी-आठवीत मुली गळतात, सगळीकडे. "मोठी झाली" याच्या आत बऱ्याच गोष्टी असतात. पाळी सुरू झालेली असते आणि मैदानाजवळ संडास नसतो. फ्रॉकवर सूर मारता येत नाही, आणि ट्रॅक पँट घरात भावाची असते. संध्याकाळी नळाला पाणी येतं त्याच वेळी सराव असतो, आणि पाणी भरणं मुलीचं काम. अंधार पडल्यावर गल्लीतून परत येणं. मैदानावर एकही बाई नसणं. आईशी तुम्ही एकदा बोललात, तेवढ्याने ती यातलं काही सांगणार नाही, परक्या पुरुषाला तर नाहीच. तुमच्या बायकोने जावं असं मी म्हणत नाही, तो त्यांचा निर्णय. पण वस्तीतलीच एखादी बाई शोधा, जिला संध्याकाळी दीड तास देता येईल, आणि तिला पैसे द्या, थोडे का होईना पण दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या मैदानाच्या कडेला सतरंजी घालून धाकट्या भावंडांना सांभाळतात. ती सतरंजी आल्यापासून मोठ्या मुलींची हजेरी जेवढी सुधारली तेवढी कुठल्याच ट्रॉफीने सुधारली नाही. सरावाची वेळ मी नळाच्या वेळापत्रकावरून ठरवते. दिवे लागायच्या आत संपवायचं, आणि एका गल्लीतल्या मुली एकत्रच घरी जाणार, हा नियम.

खो-खोबद्दलही थोडं. मी कबड्डीची, पण आमच्याकडे खो-खोही चालतो. पूर्ण नियमाने खेळलं तर आठ जण पाटीवर बसलेले आणि एक पळणारा, समोरच्या संघाचे तिघे आत आणि बाकीचे बाहेर आपली पाळी येण्याची वाट बघत. चोवीस पोरांत एका वेळी पळतात चार. मोठ्यांच्या सामन्याला ते ठीक, सात-आठ वर्षांच्या पोरांना नाही. पाचपाचचे छोटे गट करा, मैदान अर्धं करा, दोन-तीन ठिकाणी एकदम चालू द्या. बाद झालेल्याला बाहेर बसवू नका, लगेच पळणाऱ्यांत घ्या. जो कच्चा असतो तोच आधी बाद होतो, आणि खरं तर त्यालाच सगळ्यात जास्त पळायला मिळायला हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळणं हवं. तुमच्या दीड तासातलं एकेक मूल खरोखर किती मिनिटं पळतं ते एकदा घड्याळ लावून बघा.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. पहिल्या दिवसापासून मुलांच्या सुरक्षेचे नियम लिहून ठेवा आणि पालकांना वाचून दाखवा. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद जागेत कधीच नाही. मैदानावर कायम दोन मोठी माणसं. मुलींना सूर किंवा ताण शिकवताना हात लावायचा झाला तर आधी सांगून, सगळ्यांसमोर, शक्यतो बाईनेच. पालकांना विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकायचा नाही. तुमच्याकडे मदतीला येणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी करून घ्या, मित्र असला तरी. २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, तुम्हालाही लागू आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ करून घ्या. मैदानावर मोकळं वाटायला लागलं की मुलं घरातलं सांगायला लागतात. तुमच्याकडेही एखादं मूल येऊन सांगेल. त्या दिवशी कोणाला फोन करायचा ते आधी माहीत पाहिजे.

पगाराच्या नोकऱ्या आहेत. खेळातून मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. मॅजिक बस १९९९ साली मुंबईत सुरू झाली, नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ साली स्लम सॉकर सुरू केलं. जागा निघाल्यावर अर्ज कराच, पण आधी त्यांचं काम बघायला जा. नागपूरला एक रात्रीचा प्रवास आहे, सुट्टी काढून जा आणि दिवसभर बाजूला उभं राहून बघा, मुलांशी कसं बोलतात ते.

वर्षभर केल्यावरही तुमच्या मनात हेच असेल तर मी स्वतः तुमच्यासोबत बसून आकडे मांडीन. हे काम करणारी, घरी जाणारी माणसं नाशिकला हवी आहेत. सिडको, अंबड, पाथर्डीच्या बाजूला तर फारच.


हिशोबतपासनीस :

मी संस्थांचे हिशोब बघतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

संस्था आत्ता काढू नका. महाराष्ट्रात ट्रस्ट काढला की तो १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचा. सोसायटी काढली तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद, आणि पुन्हा धर्मादायची नोंदणी आलीच. नंतर दरवर्षी लेखापरीक्षण, बदल अर्ज, सभांची इतिवृत्तं. नोकरी करून मैदान चालवणाऱ्या माणसाच्या संध्याकाळी या कागदांत जातील.

लोक म्हणतात अंबड-सातपूरला एवढ्या कंपन्या आहेत, सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी मिळेल. मिळू शकतो, पण कसा ते समजून घ्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नक्तमूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक टप्पा गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. कशावर, ते अनुसूची सातमध्ये आहे, आणि त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तुमचा विषय बसतो. पण बाहेरच्या संस्थेला पैसे द्यायचे तर ती नोंदणीकृत हवी, आयकराची १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलतीची नोंदणी हवी, सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घेतलेला हवा, आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. शेवटची अट लोकांना माहीत नसते. आज संस्था काढून पुढच्या मार्चला कंपनीचा धनादेश, असं होत नाही.

म्हणून आधी जुन्या, स्वच्छ हिशोबाच्या एखाद्या संस्थेचा उपक्रम म्हणून काम चालवा. लेखी करार करा, पैसे त्यांच्या खात्यात, खर्चाची पावती तुमच्याकडून. पेठरोडच्या ताईंनी हजेरीचं सांगितलंय ते पैशालाही लागू आहे. फक्कीची पिशवी घेतली तरी पावती ठेवा. आणि आज ज्या कंपनीत आहात तिच्या एचआरला विचारा, कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेसाठी काही धोरण आहे का. काही ठिकाणी वर्षाला काही दिवस भरपगारी मिळतात.

घरासाठी माझा साधा हिशोब. तुमचं घर ६३ हजारांवर चाललंय. २५ हजारांची नोकरी घेतलीत तर ४२ उरतात, त्यातले १४ हप्त्याचे. आईचा आरोग्य विमा आणि तुमचा मुदत विमा आधी करा, कारण कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो. पीएफ काढून हप्ता फेडायचा विचार मनात येईल, तो नको.


सातपूर_कॉलनी :

वहिनींच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याने सात वर्षांपूर्वी असंच केलं. कंपनी सोडली, आता फुटबॉल शिकवतात, आधी एका संस्थेत, आता दोन शाळांत आणि वस्तीत. मला त्यांचा अभिमान आहे, हे आधी सांगते.

पैशाची तयारी आम्ही केली होती. वेळेची तयारी कोणी सांगितली नाही. मुलांचा खेळ म्हणजे संध्याकाळी पाच ते सात आणि सगळे शनिवार-रविवार. म्हणजे बरोबर तो वेळ जेव्हा आपलं मूल घरी असतं, अभ्यासाला बसतं, जेवतं. स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत. लग्नकार्यांना मी एकटी. तुमच्या मिसेस शाळेत आहेत, त्या चारला घरी येतील आणि तुम्ही साडेचारला बाहेर पडाल. त्या "हो" म्हणत नाहीत त्याचं कारण कदाचित पगार नसेलच. त्यांना नेमकं विचारा, मंगळवारी संध्याकाळी मुलीला कोण बघणार, तुझ्या माहेरी कधी जायचं. आम्ही असं ठरवलं की सोमवार पूर्ण आमचा, त्या दिवशी फोनसुद्धा नाही. आणि माझा मुलगा आता त्यांच्याबरोबर मैदानावर जातो, वस्तीतल्या पोरांच्यातच खेळतो. ते मला सगळ्यात आवडतं.

दुसरं, लोक विचारतात, "मग सध्या काय करतात?" सासरी, माहेरी, सोसायटीत. सुरुवातीला त्याचा खूप त्रास झाला. वहिनींना याचं उत्तर तुम्हीच तयार करून द्या, त्यांच्यावर सोडू नका.


पाथर्डीफाटा :

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बायकोला सगळी उत्तरं वाचून दाखवली. सातपूरच्या ताईंचं वाचल्यावर ती म्हणाली, "हेच." मग आम्ही बराच वेळ बोललो, इतके दिवस जे बोलणं होत नव्हतं ते झालं. तिच्या अटी अशा: आईचा विमा आधी, मुलीची सातवी होईपर्यंत माझा पगार ३५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि गुरुवारची संध्याकाळ घरची. मला मान्य आहेत.

नोकरी सोडत नाही. सुपरवायझरशी बोललो, कायम फर्स्ट शिफ्ट मागितलीय. सात ते साडेतीन. नाईट करायला आमच्याकडे दोघं तयार असतात, त्यांना भत्ता मिळतो, त्यामुळे जमेल असं दिसतंय. जूनपासून सोमवार, बुधवार, शनिवार. रविवार सकाळ बंद करून तो घरचा. पावसाळ्यासाठी वस्तीतल्या समाजमंदिराच्या मंडळाशी बोललो, ते हो म्हणालेत, फक्त काकड आरतीच्या दिवसांत नाही.

काल घड्याळ लावून पाहिलं, ताई. तीस पोरांत एका मुलावर नजर ठेवली. दीड तासात ते अठरा मिनिटं पळालं. आता यापुढे छोटे गट.

एक अडचण आहे. वस्तीतली बाई शोधायची कशी? मी पुरुष माणूस, दारोदार जाऊन विचारलं तर उलटंच व्हायचं. आणि दुसरं, मोकळा भूखंड कोणाचा आहे ते मला नक्की माहीत नाही, आजवर कोणी हटकलं नाही म्हणून खेळलो.


पेठरोडची_ताई :

बाईसाठी अंगणवाडी सेविकेकडे जा, नाहीतर आशाताईंकडे. दिवसा, अंगणवाडीत, दहा ते बाराच्या मध्ये. कोणत्या घरात कोण मोकळं आहे, कोणाला पैशाची गरज आहे, कोणाचा नवरा आडवा येणार नाही, हे सगळं त्यांना माहीत असतं. त्यांना आधी सुरक्षेचे नियम दाखवा. वस्तीला तुमच्याबद्दल खात्री तुमच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या बोलण्याने लवकर पटेल. आणि त्या सहावीतल्या मुलीच्या घरी पुन्हा जायचं तर त्यांच्यासोबतच जा, आई कामावरून परतून स्वयंपाक उरकल्यावर. खेळाचा विषय लगेच काढू नका. धाकट्याला सरावाच्या वेळी सांभाळायला बाई ठेवलीय, एवढं सांगा.

भूखंडाचं आजच बघा. लेआउटमधली ओपन स्पेस असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नकाशा बघायला मिळतो. खासगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि ती मिळेपर्यंत जवळच्या मनपा शाळेच्या पटांगणासाठी मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे अर्ज करून ठेवा. दोन्ही अर्ज एकदमच द्या, एकाच्या उत्तराची वाट बघत बसलात तर जून उजाडेल. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

येत्या शनिवारी आमची छोट्यांची बॅच पावणेपाचला आहे. पेठ नाक्यावर आलात की मेसेज करा, घ्यायला येते. वहिनींना आणि मुलीलाही आणा, तिच्यासाठी टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, आमच्याकडे सगळी पोरं तिच्याच वयाची आहेत.